अंगावर बेतलेली सायकल

अलीकडे सायकल कुणी विकत घेत नाही. 'बिल्ड' करून घेतात. विकत घेणे हे वाणसामानाचे काम झाले. बिल्ड करणाऱ्याने आधी फ्रेम पसंत करायची, मग तिला शोभेलसा चिमटा पाहायचा, मग चाके एका देशातून, ब्रेक दुसऱ्या देशातून आणि सीट तिसऱ्या देशातून मागवायची. ही सगळी वऱ्हाडी मंडळी एके दिवशी पुण्यामुंबईच्या एखाद्या वातानुकूलित दुकानात जमली की शुभमुहूर्तावर त्यांची गाठ मारून द्यायची. खर्च साधारण लग्नाएवढाच येतो. काडीमोड मात्र सोपा. सहा महिन्यांनी चाके बदलतात, वर्षाने फ्रेम.

या सगळ्याला माझा सक्त विरोध आहे. तुम्ही कोण विरोध करणारे, असे कुणी विचारील म्हणून आधीच सांगून टाकतो. एका बँकेच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शाखांतून मी ३१ वर्षे खर्डेघाशी केली आणि शाखेत गेलो तो सायकलवरून. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली वेगळा झाला, त्या दिवशीही मी सायकलवरच होतो. जिल्हे दोन झाले, तालुके वाढले, साहेब तर किती आले नि किती गेले. सायकल तीच राहिली. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४७ च्या वर सरकतो. अशा उन्हात तापलेल्या सीटवर ओला टॉवेल टाकून ज्याने बूड टेकले आहे, त्याला सायकलीबद्दल चार शब्द बोलण्याचा हक्क घटनेनेच दिलेला आहे, अशी माझी समजूत आहे.

मुळात हा 'कस्टम' शब्दच मला कळत नव्हता. कस्टम म्हणजे परदेशाहून आलेल्या माणसाच्या बॅगेतली साडी दोन बोटांत धरून "ही केवढ्याची?" असे विचारणारे खाते, एवढेच आम्हाला ठाऊक. आमच्या पुण्याच्या भाच्याने खुलासा केला, "मामा, कस्टम म्हणजे माझ्या मापाची. फक्त माझ्यासाठी बनवलेली." दुकानात म्हणे त्याचे तीन तास माप घेतले. मांडीची लांबी, हाताची लांबी, खांद्यांची रुंदी, घोटा किती वळतो, कंबर किती वाकते. त्याच्या लग्नातल्या सुटाचे माप आमच्या शिंप्याने दहा मिनिटांत घेतले होते, आणि तेही एकीकडे दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भांडत.

आमच्या वेळी सायकलवाला एकच प्रश्न विचारायचा, "बावीस की चोवीस?" म्हणजे फ्रेम २२ इंची हवी की २४ इंची. चाके दोन्हींना २८ इंचीच. उत्तर द्यायचे वडील, आणि वडील सदरा घेवोत, चप्पल घेवोत की सायकल घेवोत, सगळे वाढत्या अंगाचे घेत. त्यामुळे चोवीस! मग दोन वर्षे दांडीखालून पाय घालून कैची मारत शाळेत जायचे. ज्या वर्षी पाय पायडलला नीट पोचू लागत, त्या वर्षी सायकल धाकट्या भावाकडे जाई आणि त्याची कैची सुरू होई. सायकलीने तुमच्या मापाचे व्हायचे हा प्रश्नच नव्हता. तुम्ही निमूटपणे वाढायचे आणि सायकलीच्या मापाचे व्हायचे. ही पद्धत चांगली होती असे मी म्हणत नाही. किंबहुना पुढे मला याच मुद्द्यावर भांडायचे आहे.

तर हा भाचा गेल्या डिसेंबरात सायकल खोक्यात घालून चंद्रपूरला आला. खोक्यातून निघालेली वस्तू मी एका हाताने उचलली. सात-साडेसात किलोंची असेल. शर्यतीची सायकल ६.८ किलोंपेक्षा हलकी असता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचा २००० सालापासूनचा नियम आहे. हे लोक हाताबाहेर जाणार, हे संघटनेने वेळीच ओळखले असावे. आमच्या दुहेरी दांडीच्या सायकली वीस किलोंच्या वर भरत आणि वाऱ्याने पडत नसत.

"हिला स्टँड कसं नाही रे?" मी विचारले.

"वजन वाढतं."

"मडगार्ड?"

"वजन."

"कॅरिअर? घंटी?"

"मामा, वजन!"

"मग हिच्यावर ठेवतोस तरी काय?"

"मला," तो म्हणाला.

उत्तर बिनतोड होते. फक्त ज्या शंभर ग्रॅमपायी त्याने इतके पैसे मोजले होते, ते शंभर ग्रॅम रात्री मावशीकडच्या वडाभातात पहिल्याच वाढीला परत आले.

पोशाखाचे तर विचारूच नका. हेल्मेट होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. डोके ज्याचे त्याने सांभाळावे. पण चड्डीला आतून गादी, चष्म्याला ऊन पाहून बदलणारी काच, आणि बूट असे की ते पायडलमध्ये खटकन अडकतात. म्हणजे सायकलवर माणूस बसत नाही, जुंपला जातो. एवढे सगळे चढवून तो अंगणात उभा राहिला तेव्हा शेजारच्या आजींनी विचारले, "काय जी, विजेच्या खांबावर चढाचं हाय का पोराले?"

त्याला पहाटे पाचला मोहर्लीच्या रस्त्याने ताडोबाकडे जायचे होते. मी साफ नाही म्हटले. पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलाच्या रस्त्याने सायकलवर एकट्याने जाऊ नये, हे इथले शाळकरी पोरही जाणते. मोटारीतल्या माणसाला वाघ दिसतो. सायकलवरच्या माणसाला भेटतो. शेवटी भरदिवसा चंद्रपूर ते गडचिरोली जायचे ठरले. चिचपल्ली, केळझर, मूल, सावली, व्याहाड आणि मग वैनगंगेचा पूल. ऐंशीएक किलोमीटरचा रस्ता. मी एस. टी. ने मूलपर्यंत पुढे गेलो.

मूलला भाचा हसतखेळत आला. सायकलीला स्टँड नसल्यामुळे ती कडुनिंबाला टेकवली आणि आम्ही चहा घेतला. तेवढ्यात एका बोकडाने त्या कडुनिंबाशी काही खासगी काम काढले. सायकल आडवी झाली. बघतो तो मागचा गिअर ज्या कानावर टांगलेला असतो तो अॅल्युमिनियमचा कान वाकलेला! त्याला हँगर म्हणतात. गंमत अशी की हा कान मुद्दाम मऊ करतात, म्हणजे पडल्यावर तो वाकावा आणि महागडी फ्रेम वाचावी. दुसरी गंमत अशी की बहुतेक फ्रेमचा कान वेगळ्या घडणीचा. याचा त्याला लागत नाही, त्याचा याला लागत नाही. "पुण्याहून मागवावा लागेल," भाचा म्हणाला. त्याचा चेहरा वाकलेल्या हँगरसारखाच झाला होता.

टपरीच्या पलीकडे एका सायकल मिस्त्रीचे दुकान होते. दुकान म्हणजे चार बल्ल्यांवर पत्रा, फांदीला लटकलेले टायर, एक हवेचा पंप, पंक्चर पाहायला पाण्याचे घमेले आणि डब्यात राहणारे जगातले सगळे छर्रे. मिस्त्रींनी सायकलीला एक प्रदक्षिणा घातली.

"किती गेर हायेत जी हिले?"

"बावीस," भाचा म्हणाला.

"येक ठेवतो. येक पुरते."

आणि त्यांनी खरोखरच तसे केले. गिअरचा लोंबता भाग सोडवून कागदात गुंडाळून भाच्याच्या हातात दिला, चेन तोडून आखूड केली, मागच्या मधल्या चकतीवर बसवून जोडली आणि चाक फिरवून पाहिले. तीस रुपये. त्या एका गिअरवर भाचा दुपारी गडचिरोलीत दाखल झाला. यात नवल काही नाही. तूर द फ्रान्स ही जगातली सर्वांत मोठी सायकल शर्यत १९०३ साली सुरू झाली आणि चेन उचलून टाकणारे गिअर तिथे १९३७ पर्यंत चालू देत नसत. चढ आला की खाली उतरायचे, मागचे चाक काढून उलटे बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या चकतीवर पुढे जायचे. आल्प्सचे डोंगर लोक असेच चढले. आमच्या मिस्त्रींनी भाच्याला फक्त १९३७ च्या मागे नेऊन ठेवले.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळीच. मिस्त्री काम करत होते तोवर मी त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेल्या सायकली पाहत बसलो होतो. एक होती दूधवाल्याची. दोन्ही बाजूंना कॅन अडकवायला कॅरिअरला लोखंडी आकडे जोडलेले, आणि मागच्या चाकाला आऱ्यांच्या जोडीला सळीचे टेकू. एक ढीवराची. मागे टोपली बसेल अशी चौकट आणि मासळीचे पाणी चेनवर गळू नये म्हणून जुन्या टायरची झालर. एक धारवाल्याची. स्टँडवर चढवली की पायडल मारून दांडीवरचा सहाणेचा दगड फिरतो. म्हणजे तीच गाडी, तोच कारखाना. एक लाकूडमोळी वाहणाऱ्याची. तिला सीटच नव्हती, कारण तिच्यावर कुणी बसतच नव्हते. हँडलला आणि मागे असे दोन बांबू बांधून ती ढकलत न्यायची होती.

ही शेवटची सायकल पाहून मला व्हिएतनाम आठवले. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी लोकांनी फ्रेंचांच्या तोफांपुढे धान्य आणि दारूगोळा नेला तो हजारो सायकलींवरून. हँडलला बांबू बांधून ते लांब केले, सीटच्या मागे दुसरा बांबू उभा केला आणि एकेका सायकलीवर दोन-दोनशे किलो वजन लादून जंगलातून ढकलत नेले. त्यांतल्या कितीतरी सायकली फ्रेंच बनावटीच्या पेजो होत्या, हे विशेष. फ्रेंचांची लढाई फ्रेंचांच्याच सायकलीने बुडाली. त्या व्हिएतनामी मिस्त्र्यांना कुणी 'कस्टम बिल्डर' म्हटले नाही. आमच्या मूलच्या मिस्त्रींनाही म्हणत नाहीत. खरे पाहता माणसाच्या कामावर आणि अंगावर बेतून सायकल करायची विद्या या देशात कुणाजवळ असेल तर ती यांच्याजवळ आहे. बाकीच्यांजवळ आहे ती निवड करण्याची सोय.

तेवढ्यात एक मुलगी सायकल ढकलत आली. आठवी-नववीतली असेल. चणीने लहान. सायकल नवी कोरी, प्लॅस्टिकही नीट निघाले नव्हते. "काका, पाय नाही पुरत," ती म्हणाली. सीट पार खाली बसवलेली होती तरी पाय चवड्यावरच येत होता. मिस्त्रींनी तिला सीटवर बसायला सांगितले, एक काडी घेऊन टाचेपासून पायडलपर्यंतचे अंतर मोजले, सीटचा दांडा करवतीने दोन बोटे कापला, सीट आणखी खाली ठोकली आणि दोन्ही पायडलना लाकडाचे गुटके तारेने आवळून दिले. "पुढच्या साली उंच झाली का काढून टाकजो," म्हणाले. सगळे मिळून वीस मिनिटे. पुण्यात तीन तास चालले तेच हे शास्त्र. फरक इतकाच की तिकडे पडद्यावर आकडे दिसतात आणि इकडे काडी कानावर खोचून ठेवतात.

आता माझे भांडण ऐका. आमच्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना सायकल आणि लांबच्यांना निळी बस, अशी ती व्यवस्था आहे. २०२२ साली सायकलीची रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. योजना उत्तम आहे आणि तिला नावे ठेवणाऱ्याशी मी बोलणार नाही. सायकलीने काय होते ते बिहारने दाखवले. तिथे २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देऊ लागले, आणि पुढे अभ्यासकांनी मोजले तेव्हा माध्यमिक शाळेतल्या मुलींची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्याआधी १९९० नंतरच्या वर्षांत तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईत साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी पुरुषांची सायकल पसंत केली. का? तर तिच्या पुढच्या दांडीवर पोर बसवता येते. याला म्हणतात मापात बसणे! बाईला काय हवे ते बाईला विचारा. ती कॅटलॉगपेक्षा अचूक सांगते.

पण पाच हजारांत बाजारात जी सायकल येते ती बहुधा एकाच मापाची येते. मुली मात्र एका मापाच्या येत नाहीत. आठवीतली कोवळी पोर आणि बारावीतली ताडमाड मुलगी यांना एकच फ्रेम! म्हणजे आमच्या वडिलांचे 'वाढत्या अंगाचे' धोरण सरकारी झाले. सीट उंच असली की पाय टेकत नाही आणि मोटार अंगावर आली तर उतरता येत नाही. फार खाली असली की गुडघे दुखतात. हे मी म्हणत नाही, भाच्याच्या दुकानातले तज्ज्ञ म्हणतात, आणि ते बरोबरच म्हणतात. माझा राग त्यांच्या विद्येवर नाही. ती विद्या लाखाच्या सायकलीजवळ येऊन थांबते, यावर आहे. ज्याची सायकल रविवारी सकाळी मोटारीवर बांधून गावाबाहेर जाते, त्याचा गुडघा तीन तास मोजायचा. आणि जिची सायकल चुकली तर शाळा सुटते, तिचा कुणी काडीनेही मोजायचा नाही, हा कुठला न्याय?

यावर शौकीन मंडळी म्हणतील, पैसा आमचा, हौस आमची, तुमच्या पोटात का दुखते? अगदी मान्य. हौसेला मोल नसते. सायकलीची हौस तर दारूच्या, जुगाराच्या आणि निवडणुकीच्या हौसेपेक्षा कितीतरी पटींनी बरी. दुसरे असे म्हणतात की आज श्रीमंतांच्या सायकलीत जे येते तेच उद्या गरिबांच्या सायकलीत येते. हे ऐकायला गोड आहे. डनलॉपने १८८८ साली मुलाच्या तिचाकीसाठी हवेचे टायर बनवले ते पुढे सगळ्यांना मिळाले, हे खरे. पण गेल्या काही वर्षांत श्रीमंतांच्या सायकलीतून काय काय गेले ते पाहा. स्टँड गेले, मडगार्ड गेले, कॅरिअर गेले, चेनकव्हर गेले, घंटी गेली. आणि त्यांचे पाहून स्वस्त सायकलीही उघड्याबोडक्या होऊ लागल्या. जाड टायर, भडक रंग, पण पावसाळ्यात पाठीवर चिखलाचा पट्टा आणि दप्तर खांद्यावर. वरून खाली झिरपले ते हेच!

काही जण बांबूची सायकल पुढे करतात. लंडनमध्ये १८९४ सालीच बांबूच्या सायकली प्रदर्शनात मांडल्या होत्या आणि आपल्या पुण्यातही एका निवृत्त हवाईदल अधिकाऱ्यांनी बांबूच्या सायकली बनवल्या आहेत. वस्तू देखणी आहे. आमच्या बांबूने आजवर बल्लारपूरला कागद होऊन पाहिले, बुरडाच्या हाती टोपली होऊन पाहिले. सायकल व्हायला त्याची ना नसावी. चिचपल्लीला तर बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रच आहे. बांबूचा मोठा गुण हा की तो हवा तेवढा कापता येतो. एकेक फ्रेम वेगळ्या मापाची करायला साचे बदलत बसावे लागत नाही. मग तो दिवाणखान्यात भिंतीवर टांगायच्या सायकलीसाठीच का कापावा? आलापल्लीच्या पोरीच्या मापाने कापून पाहा की एकदा!

भाच्याला मी हे सगळे परतीच्या एस. टी. त ऐकवले. तो पळून जाऊ शकत नव्हता, सायकल टपावर होती. शेवटी कंटाळून म्हणाला, "मामा, मग करायचं काय ते सांगा."

सांगतो. पाच हजारांच्या सायकलीत निदान तीन मापे हवीत. पूर्वी बावीस आणि चोवीस तरी होते. दप्तर राहील असे कॅरिअर, मडगार्ड, चेनकव्हर आणि स्टँड हे सामान 'जादा' म्हणून नको, सायकलीचा अवयव म्हणून हवे. दिवा तर हवाच, कारण हिवाळ्यात शाळा सुटून घरी पोचेस्तोवर अंधार पडतो आणि जंगलाचा रस्ता कुणाची वाट पाहत थांबत नाही. प्रत्येक मोठ्या शाळेपाशी महिन्यातून एक दिवस जवळचा सायकल मिस्त्री बसवा. त्याला मजुरी द्या. त्याने प्रत्येक मुलीची सीट मापाने बसवावी, चाकाचा आऊट काढावा, ब्रेक आवळावा. आणि रस्त्याची कड द्या. सुरजागडचे लोहखनिज घेऊन ट्रक आष्टीकडे धावतात त्या रस्त्यावर सायकलवाल्याला डांबर सोडून खाली उतरावे लागते, आणि खाली काय असते ते ट्रकवाल्याला दिसत नाही. दोन हात रुंद कड मागतोय, आठपदरी मार्ग मागत नाही.

आणि शौकीन मित्रांनो, तुमच्याकडूनही एक मागणे आहे. तुमच्या पायडलची जोडी या मुलीच्या अख्ख्या सायकलीपेक्षा महाग असते. ती काढून द्या असे मी म्हणणार नाही. तुमचा तो तीन तासांचा अभ्यास तेवढा घेऊन या. डिसेंबरात येतच असता. एक दिवस एखाद्या शाळेत जा, तुमच्या पान्यांची ती सुबक पेटी उघडा आणि पन्नास मुलींची माप घेऊन सायकली बसवून द्या. मूलचे मिस्त्री बरोबर असतील. अडले तर त्यांना विचारा. सीटची उंची तुम्ही ठरवा, ब्रेक ते पाहतील.

घंटी मात्र तिची तिला निवडू द्या.